घरी छापलेलं टपाल आणि तिसरं अणुव्रत



गेल्या उन्हाळ्यात आमच्या चिंचवडच्या घरातून पहिल्यांदा एक पार्सल परदेशी गेलं. माझी पुतणी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडच्या काही घरांना सामायिकासाठी आसनं, मुहपत्त्या आणि पूंजण्या हव्या होत्या. आपल्या मंडळातल्या चौघी बसल्या आणि महिन्याभरात सगळं शिवून झालं. माझ्या मुलाने आयात-निर्यात कोड काढला आणि टपाल खात्याच्या पोर्टलवर माझं खातं उघडलं. कस्टमचा फॉर्म भरला आणि घरच्याच प्रिंटरवर बारकोडचं लेबल छापलं. पोस्टातल्या खिडकीवर फॉर्म मागायचा, शाईचं पेन शोधायचं, पत्ता तीनदा लिहायचा, हे सगळं सुटलं.

घाईत प्रिंटचं बटण दोनदा दाबलं गेलं आणि लेबलंही दोन आली. मुलगा सहज म्हणाला, "मम्मी, दुसरं फेकू नको. पुढच्या खोक्याला लावू या."

तो गमतीत म्हणाला होता. एक नंबर एकदाच चालतो, हे त्यालाही ठाऊक आहे. पण मला एकदम सासूबाई आठवल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. नगरहून मामांचं पत्र आलं होतं आणि पाकिटावरच्या तिकिटावर शिक्का उमटलाच नव्हता. मी ते वाटीभर पाण्यात भिजवलं, अलगद सोडवलं आणि खिडकीच्या काचेवर वाळत लावलं. काटकसरी सून म्हणून शाबासकी मिळेल असं वाटत होतं. सासूबाईंनी ते काचेवरून काढलं आणि फाडून टाकलं. म्हणाल्या, "पत्र आलं ना घरी? मग तिकिटाचं काम झालं. आता ते लावणं म्हणजे न दिलेलं घेणं."

तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता घरात लेबल छापताना वाटलं, तिकीट म्हणजे नेमकं काय, ते कोणी छापायचं आणि कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न पोस्ट खात्यालाही पावणेदोनशे वर्षं पडलेला आहे. म्हणून जरा शोधून, वाचून लिहिते आहे.

तिकिटाआधी आणि तिकिटानंतर

टपालाची तिकिटं नव्हती तेव्हा पत्राचा खर्च बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या माथी पडायचा. घेणाऱ्याने नाही म्हटलं की सरकारची फेरी फुकट. म्हणून इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी सुचवलं की पैसे आधी घ्या आणि घेतल्याची खूण म्हणून कागदाचा लहानसा तुकडा पत्रावर चिकटवा. मे १८४० मध्ये ते पहिलं तिकीट, पेनी ब्लॅक, वापरात आलं. आपल्याला गंमत वाटेल अशी एक गोष्ट: त्या तिकिटाच्या पाठीवरच्या डिंकात बटाट्याचा स्टार्च होता. जगातलं पहिलं तिकीट चाटलं असतं तर कंदमूळ पोटात गेलं असतं!

आपल्या घरांत तशीही तिकिटं चाटत नसत. थुंकीत संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून सासूबाई ओल्या फडक्यावर तिकीट टेकवायच्या. पोस्टात तर डिंकाची बाटली आणि काडी असायचीच, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे.

हिंदुस्थानात सुरुवात सिंधमधून झाली. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्याला जोडलेला होता आणि बार्टल फ्रिअर तिथला कमिशनर होता. १ जुलै १८५२ रोजी त्याने अर्ध्या आण्याची गोल तिकिटं सुरू केली. त्यांना 'सिंध डाक' म्हणतात. ती लाल, पांढरी आणि निळी अशी निघाली. लाल तिकीट लाखेच्या पातळ चकतीवर दाबून उठवलेलं असे, ते लगेच तडकायचं. आपल्या पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली. त्यांच्या मूळ प्रांतात या देशातलं पहिलं तिकीट निघालं, हे कॅम्पात साड्या घेताना मला यापुढे दरवेळी आठवेल.

मग १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात एकच दर आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला. आधी अंतर मोजलं जायचं, आता महत्त्व आलं वजनाला. हा पाव तोळा लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे.

ही १८५४ ची तिकिटं कलकत्त्याला सर्व्हेच्या कचेरीत दगडावरून छापली होती. त्यांना पाठीला डिंक नव्हता आणि कडेला दातही नव्हते. कात्रीने कापायचं आणि खळ लावून चिकटवायचं. म्हणजे निम्मं काम घरातच व्हायचं. लवकरच सरकारने छपाई लंडनच्या डे ला रू कंपनीकडे दिली. पुढची सत्तर वर्षं आपली तिकिटं बोटीतून येत राहिली.

भोरचा ठसा

आपल्या शेजारच्या भोरची गोष्ट मला सगळ्यात आवडली. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. आज तो पुणे जिल्ह्यातला तालुका आहे. १८७९ मध्ये या संस्थानाने स्वतःची तिकिटं काढली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. ती लंडनहून आली नाहीत आणि कलकत्त्याहूनही नाहीत. देशी कागद घेतला, किरमिजी शाई घेतली आणि हाताने ठसा मारला. झालं तिकीट!

आपण लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर कुंकवाचं बोट उमटवतो ना, तितकंच साधं. एक ठसा जरा जास्त दाबलेला, एक फिका, एक तिरका. पुढे १९०१ मध्ये पंतसचिवांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं. या तिकिटांचा काळ थोडाच होता आणि ती चालायची फक्त संस्थानाच्या हद्दीत.

हद्दीतच का, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. हाताने मारलेल्या ठशाची नक्कल करणं अवघड नसतं. पण भोरमध्ये ठसा कोणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. ओळखीच्या जगात साधा ठसा पुरतो. ओळख संपली की कागदालाच पुरावा व्हावं लागतं.

नाशिकरोडचा पहारा

अनोळखी लोकांत चालणारा तो पुरावा पुढे नाशिकरोडला तयार होऊ लागला. तिथला सरकारी छापखाना १९२५ मध्ये उभा राहिला आणि १९२६ पासून आपली तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. कागदात जलचिन्ह, कडेला मोजून पाडलेले दात, एकेका ताव्याचा हिशेब. आपल्या महाराष्ट्रातच हे काम होतं याचा मला अभिमान वाटतो.

आपल्या धर्माची चित्रंही या तिकिटांवर आली. १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेत सव्वा आण्याच्या तिकिटावर कलकत्त्याचं जैन मंदिर होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मालिकेत पंधरा रुपयांच्या सगळ्यात मोठ्या तिकिटावर पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर आलं. १९७४ मध्ये भगवान महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली, तेव्हा पावापुरीचं जलमंदिर आलं. १९८१ मध्ये श्रवणबेळगोळचे गोम्मटेश्वर आले, २००२ मध्ये आपले आचार्य आनंदऋषीजी म. सा. आणि २००४ मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद. आनंदऋषीजींच्या तिकिटाचं एक पान सासूबाईंनी देव्हाऱ्याजवळच्या डायरीत ठेवलं होतं, ते अजून आहे.

एवढा पहारा असूनही एकदा पोस्ट मास्तरांना भोरसारखाच हाताने ठसा मारावा लागला. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. ती तिकिटं सगळीकडे वेळेत पोहोचेनात, तेव्हा अनेक ठिकाणी हाताशी असलेल्या पाच पैशांच्या तिकिटांवर रबरी शिक्क्याने 'रेफ्युजी रिलीफ' असं उमटवून काम भागवलं गेलं. अडचणीच्या वेळी सरकारनेही आपल्या माणसांच्या हातावर विश्वास टाकला.

पण विश्वासाची दुसरी बाजूही याच नाशिकशी जोडलेली आहे. तेलगी प्रकरण आपल्या पिढीला आठवत असेल. अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या छापखान्यातली मोडीत निघालेली यंत्रं मिळवून बनावट मुद्रांक छापले आणि देशभर विकले. २००१ मध्ये त्याला अटक झाली. आपल्या पुण्यात त्या काळी ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांना आठवेल, आपला स्टॅम्पपेपर खरा की खोटा या काळजीने लोकांची झोप उडाली होती. कागद, शाई, यंत्र सगळं अस्सल दिसत होतं, फक्त छापणाऱ्याला तो अधिकार नव्हता. त्यानंतर सरकारचा भर कागदावरून नंबरावर गेला. आज आपण मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरतो आणि चलन घरी छापतो. त्या चलनाचा कागद कुठलाही चालतो, कारण पैसे भरल्याची नोंद सरकारच्या संगणकात असते.

कंपन्यांमधला लाल शिक्का

टपालात हे काम आधीच एका यंत्राने सुरू केलं होतं. अमेरिकेत आर्थर पिटनी नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं यंत्र बनवलं, जे पाकिटावर किंमत छापतं आणि आत किती छापलं ते मोजत राहतं. १९२० मध्ये तिथल्या टपाल खात्याने ते वापरायला परवानगी दिली. हेच आपलं फ्रँकिंग.

आपल्या भागात १९५४ मध्ये पिंपरीला एच. ए. आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी, पुढे चाकण असे कारखाने पसरत गेले. मोठ्या कंपन्यांच्या डिस्पॅचमधून रोज गठ्ठेच्या गठ्ठे पत्रं निघायची. एवढी तिकिटं चिकटवत कोण बसणार? त्यांच्या पाकिटांवर लाल शाईचा शिक्का असायचा. त्यात किंमत, तारीख आणि परवान्याचा नंबर. आमच्या छोट्या वर्कशॉपला बिलांचे चेक अशाच पाकिटांतून यायचे. लाल शिक्क्याचं पाकीट दिसलं की माझे सासरे चष्मा शोधायला लागायचे!

या यंत्राच्या अटी बघा. पैसे पोस्टात आगाऊ भरायचे, तेवढा आकडा मीटरमध्ये चढवून घ्यायचा. मीटरला सील. शिक्का मारलेली पत्रं रस्त्यावरच्या लाल पेटीत टाकायची नाहीत, ठरलेल्या पोस्टातच द्यायची. छापण्याचं काम कंपनीत आलं, पण मोजण्याचं सील पोस्टाकडेच राहिलं.

घरगुती माणसाला मात्र तिकीटच लावावं लागे. आपल्याला सवलत होती ती बुक-पोस्टाची. संवत्सरीनंतर क्षमापना पत्रिका पाठवताना पाकिटाची झडप चिकटवायची नाही, आत हाताने मजकूर लिहायचा नाही, छापील पत्रिका तेवढी टाकायची. मग दर कमी. झडप उघडी ठेवण्याचं कारण पोस्टाला आत पाहता यावं. आमच्याकडे शेकडो पत्रिका निघायच्या. जाऊबाई पत्ते लिहायच्या, मी तिकिटं लावायचे, मुलं गठ्ठे बांधायची. एकदा माझ्या चुलत नणंदेने प्रत्येक पत्रिकेत दोन ओळी खुशालीच्या लिहिल्या. सासूबाईंनी त्या पत्रिका बाजूला काढून त्यांना पूर्ण दराची तिकिटं लावायला सांगितली. "क्षमा मागायच्या पत्रातच चोरी?" एवढंच म्हणाल्या.

घरापर्यंत

१९९९ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर पैसे भरून घरच्या प्रिंटरवर टपालाची किंमत छापायची सोय सुरू झाली. पाकिटावर किंवा चिकट लेबलावर एक चौकोनी ठिपक्यांची जाळी उमटते. त्यात रक्कम, तारीख आणि छापणाऱ्याची ओळख गुंफलेली असते. प्रत्येक छाप वेगळी. तीच दुसऱ्यांदा आली की नोंदीवरून कळतं. इंग्लंडमध्ये २००४ पासून अशी सोय आहे. शिवाय तिथल्या रोजच्या तिकिटांवरही २०२२ पासून बारकोड आला. सासूबाईंनी फाडलेलं ते तिकीट आज लेस्टरमध्ये असतं तर बारकोडनेच त्याला अडवलं असतं.

आपल्याकडे साध्या पत्राचं तिकीट घरी छापता येत नाही. २०११ मध्ये 'माय स्टॅम्प' आलं. त्यात आपला फोटो तिकिटाला जोडून छापून मिळू लागला, तोही पोस्टातच. २००४ मध्ये ई-पोस्ट आलं, त्यात तर उलटंच होतं. आपण मजकूर संगणकावरून पाठवायचा आणि पोस्टाने तिकडे छापून पोहोचवायचा. घरी छापण्याची खरी मुभा मिळाली ती निर्यातीच्या पार्सलला. २०२२ मध्ये 'डाक घर निर्यात केंद्रं' सुरू झाली. फॉर्म घरी भरा, बारकोडचं लेबल घरी छापा आणि पार्सल पोस्टात नेऊन द्या. आपल्यासारख्या घरून छोटं काम करणाऱ्या बायकांना याचा खरा उपयोग आहे.

२०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ पासून लागू झाला. १८९८ च्या जुन्या कायद्यात पत्रं वाहून नेण्याचा खास अधिकार सरकारकडे होता. नव्या कायद्यात तो नाही, पण टपाल तिकिटं काढण्याचा खास अधिकार मात्र टपाल खात्याकडेच ठेवला आहे. पत्र कोणीही न्यावं, तिकीट मात्र खात्याचंच.

आता माझी गोष्ट

पाव तोळा लक्षात आहे ना? लेबल छापण्याआधी पार्सलचं वजन आपणच टाकायचं असतं. मी किचनमधला काटा काढला. आसनं, मुहपत्त्या, पूंजण्या सगळं भरलेलं खोकं ठेवलं. वजनाचा टप्पा अगदी काठावर होता, पलीकडे गेलं की दर वाढणार. खोक्याला आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि बाहेरून जाड टेप अजून लावायची होती. मी आधी वजन लिहिलं आणि नंतर पट्ट्या आणि टेप लावली.

मी हे विसरून केलं नव्हतं.

खिडकीवर पुन्हा वजन झालं आणि काटा टप्प्याच्या पलीकडे गेला. मी फरकाचे पैसे भरले. समोरचे गृहस्थ फार चांगले होते. म्हणाले, "घरच्या काट्यात एवढा फरक येतोच, ताई." ते वाक्य मला जास्त लागलं. काट्याचा काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आले. आपण ते किती वेळा म्हणतो! चोरीचा माल घेणं. चोराला साथ देणं. राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं. खोटं वजन, खोटं माप. नक्कल अस्सल म्हणून देणं. मला वाटायचं, हे सराफ आणि किराणावाल्यांसाठी आहे, त्यात माझा काय संबंध? त्या दिवशी पाचातले तीन अतिचार माझ्या जेवणाच्या टेबलावर होते. दोनदा छापलेलं लेबल म्हणजे नक्कल, टेपेआधीचं वजन म्हणजे खोटं माप, आणि दर चुकवण्याचा विचार म्हणजे राज्याचा नियम मोडणं.

भोरच्या ठशापासून नाशिकच्या जलचिन्हापर्यंत आणि लाल शिक्क्यापासून बारकोडपर्यंत, हा सगळा इतिहास एकाच काळजीचा आहे, की छापणाऱ्या हाताला कोण सांभाळणार. आधी पहारा होता, मग सील आलं, मग नंबर. पण छापायचं यंत्र स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर आलं तेव्हा नंबर फक्त नक्कल पकडतो. टेप आधी लावली की नंतर, हे त्याला कळत नाही. ते लावणारीलाच कळतं.

आता आमच्या घरी दोन नियम केले आहेत. खोकं पूर्ण बंद झाल्यावरच वजन. आणि जादा छापलेलं लेबल त्याच क्षणी दोन तुकडे करून रद्दीत. मागच्या आठवड्यात मुलाने मला न विचारता एक लेबल फाडलं. मी काही बोलले नाही, पण मला बरं वाटलं.

तुमच्यापैकी कोणाच्या माहेरी भोरकडची जुनी पत्रं किंवा आजोबा-पणजोबांच्या काळातल्या क्षमापना पत्रिका असतील, तर पाकिटं फेकू नका. पत्राइतकंच पाकीटही बोलतं. त्याचा फोटो मला जरूर पाठवा.

लिहिताना कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.